अकरा गळे, चार ओळी

*एका कॅथलिक धर्मग्रामाच्या क्वायरची, म्हणजे चर्चमधल्या गायकवृंदाची, जबाबदारी सांभाळणाऱ्या वाचकाचं हे पत्र. क्वायरमध्ये अकरा जण आहेत : सहा सोप्रानो (बायकांचा उंच आवाज), तीन आल्टो (बायकांचा खालचा), एक टेनर (पुरुषांचा उंच) आणि एक बेस (पुरुषांचा खालचा). दोन वर्षांपूर्वी या वाचकांनी सोळाव्या शतकातल्या पालेस्त्रिना या इटालियन संगीतकाराची ‘सिकुत चेर्वुस’ ही पॉलिफोनीतली, म्हणजे अनेक आवाज एकाच वेळी आपापली वेगळी ओळ गातात अशा प्रकारची, लॅटिन रचना रेकॉर्डिंगवर ऐकली आणि तेव्हापासून ती त्यांच्या डोक्यातून जाईना. पाच महिने तालीम करून यंदा ईस्टरच्या जागरणविधीत ती गायला घेतली. त्या जागी दरवर्षी सगळे मिळून जे गीत गातात, ते वगळलं. टेनरचा पहिलाच सूर चढा लागला. दुसऱ्या पानापर्यंत चारही ओळी एकमेकींपासून सुटल्या. शेवटी ऑर्गन वाजवणाऱ्याने नेहमीचं गीत सुरू केलं आणि सगळं चर्च गाऊ लागलं. मिस्सानंतर, म्हणजे उपासना संपल्यावर, क्वायरमधल्याच एक जुन्या बाई म्हणाल्या, “आमचं गाणं घेतलंत आणि त्या जागी काय दिलंत? एक शब्द कळला नाही.” फादरांनी सांगितलं, “लोकांना गाऊ द्या.” त्यानंतर दोन सोप्रानो यायच्या बंद झाल्या. टेनर येतो, पण ओठ हलवून उभा राहतो. वाचक विचारतात : “लोकांना फक्त सोपं हवंय. मी पॉलिफोनीचा नाद सोडू, की क्वायरच सोडू?”*

प्रिय वाचक,

यातलं काहीच इतक्यात सोडू नका. त्या रात्रीची शरम अजून ओली आहे, आणि अशा वेळी घेतलेला निर्णय नंतर फार काळ सलत राहतो.

आधी त्या रात्री सांगीतिकदृष्ट्या काय घडलं ते पाहू. ‘सिकुत चेर्वुस’ची सुरुवात टेनर करतो, आणि एकटाच करतो. मग आल्टो तीच चाल घेऊन येतो, नंतर सोप्रानो, शेवटी बेस. ऐकताना सगळं पाण्यासारखं वाहतं, म्हणून सोपं वाटतं. गाणाऱ्याला मात्र लांबलचक श्वास लागतो, साथीला वाद्य नसतं, आणि पट्टी ठरते ती पहिल्या माणसाच्या पहिल्या सुरावर. तुमच्याकडे टेनर एकच. म्हणजे पाच महिन्यांची मेहनत, अकरा जणांचा धीर आणि ईस्टरची रात्र हे सगळं एका माणसाच्या एका सुरावर उभं होतं. तो सूर चढा लागला तर वरच्या आवाजांना पळायला जागाच उरत नाही. हा क्वायरच्या कुवतीचा निकाल नाही. निवड चुकली, एवढंच.

तुम्हाला ती रचना का सोडवत नाही, हे मला कळतं. मी आल्टो आहे, बरीच वर्षं क्वायरमध्ये गाते आहे. आमच्या एका तालमीत आमच्या मार्गदर्शकांनी पियानोचं झाकण लावलं आणि म्हणाले, आता कागदाकडे बघू नका, शेजारच्याचं ऐका. माझ्या ओळीत एक लांब सूर होता. मला तो नेहमी भरीचा वाटायचा, बाकीचे काहीतरी करत असताना आम्ही नुसतं थांबायचं. त्या दिवशी मी तो सूर धरून होते आणि खाली बेस हलला. माझा सूर तोच, पण एका क्षणात तो खुपायला लागला, कानात खडा गेल्यासारखा. मग माझी ओळ एक पायरी खाली उतरली आणि सगळी खोली मोकळी झाली. अनेक आठवडे मी तीच जागा गात होते आणि मला ती ऐकूच आली नव्हती. दुसऱ्याच्या हालचालीने आपल्या सुराचा अर्थ बदलतो, हे एकदा अंगावर आलं की त्याची ओढ जात नाही. तुमची ओढ खरी आहे, तिच्याबद्दल कुणाची माफी मागू नका.

पण तुमच्या पत्रातली तीन गृहीतकं मला पटली नाहीत.

पहिलं, पॉलिफोनी म्हणजे चार भरलेले विभाग आणि त्या रेकॉर्डिंगसारखा आवाज. ती रेकॉर्डिंगं शिकलेल्या, पगारी गळ्यांची असतात, घुमणाऱ्या दगडी वास्तूत केलेली असतात, आणि चांगले तुकडे निवडून जोडलेली असतात. माणसं कमी पडण्याची अडचण तर फार जुनी आहे. लोदोव्हिको व्हियादाना हा इटालियन संगीतकार १६०२ साली छापलेल्या आपल्या शंभर रचनांच्या प्रस्तावनेत हेच गाऱ्हाणं मांडतो : गायक दोन-तीनच असले की लोक पाच-सहा-आठ आवाजांच्या रचनेतल्या दोन-तीन ओळी उचलून ऑर्गनबरोबर गातात; मग मध्येच लांब विराम येतात, चाल तुटते, शब्द अर्धवट राहतात. त्यावर त्याने काय केलं? एक, दोन, तीन आणि चार आवाजांसाठीच नवीन रचना लिहिल्या, खाली ऑर्गनच्या आधारासह. हाताशी असलेल्या माणसांना पुरेल असं संगीत त्याने केलं.

विल्यम बर्ड या इंग्रज कॅथलिक संगीतकाराची परिस्थिती याहून बिकट होती. इंग्लंडमध्ये कॅथलिक मिस्सावर बंदी असताना, साधारण १५९२ ते १५९५ या काळात, त्याने तीन, चार आणि पाच आवाजांसाठी एकेक मिस्सा, म्हणजे मिस्सातल्या प्रार्थनांचं संगीत, छापला, तोही शीर्षकपानाशिवाय. ते संगीत घराघरांत, दारं लावून, मूठभर माणसांनी गायचं होतं. तीन आवाजांच्या मिस्सातला ‘किरिये’ (‘प्रभू, दया कर’ ही प्रार्थना) जेमतेम मिनिटभराचा आहे, आणि तिन्ही आवाज बहुतेक वेळ शब्द एकत्रच म्हणतात. मूळ पट्टी पुरुषी आवाजांची आहे, पण ती वर घेऊन मिश्र आवाजांतही तो गातात. तसं केलंत तर तुमचा टेनर आणि तुमचा बेस दोघं मिळून खालची एक ओळ गातील. दोन माणसं, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून. मी तुमच्या जागी असते तर इथूनच सुरुवात केली असती.

पट्टीबद्दल पुष्कळ जण उगाच घाबरतात. त्या काळी सुरांची उंची आजच्यासारखी एका मापाने बांधलेली नव्हती. गायक जमतील तशी पट्टी ठरायची. त्यामुळे रचना दीड-दोन सूर वर किंवा खाली घेण्यात कसलाही अपराध नाही. छापील पानावरची पट्टीसुद्धा अनेकदा संपादकाने निवडलेली असते.

दुसरं गृहीतक, लोकांना फक्त सोपं हवंय. त्या बाईंचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात दोन तक्रारी आहेत आणि तुम्ही त्या एकच समजलात. “एक शब्द कळला नाही” ही एक. “आमचं गाणं घेतलंत” ही दुसरी.

शब्दांची तक्रार साडेचारशे वर्षांहून जुनी आहे आणि ती करणारे अडाणी नव्हते. ट्रेंट इथे भरलेल्या कॅथलिक धर्मसभेत १५६२ साली यावर चर्चा झाली. पुढे कार्डिनलांच्या एका समितीने २८ एप्रिल १५६५ रोजी पोपच्या गायकांना बोलावून काही मिस्सा गायला लावले, केवळ शब्द कळतात का हे पाहण्यासाठी. पालेस्त्रिनाने एक मिस्सा लिहून पॉलिफोनीला बंदीपासून वाचवलं ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती नंतर रचलेली दंतकथा आहे. पण शब्द ऐकू यावेत ही काळजी खरी होती, आणि त्या काळातल्या कितीतरी संगीतकारांनी ती मनावर घेतली. इंग्लंडमध्ये आर्चबिशप क्रॅन्मरने १५४४ साली राजाला लिहिलेल्या पत्रात म्हटलं की एका अक्षराला शक्यतो एक सूर असावा. टॉमस टॅलिस या इंग्रज संगीतकाराने नंतर इंग्रजी उपासनेसाठी लिहिलेल्या छोट्या रचना पाहा : आवाज आधी एकत्र बोलतात, मग थोडेसे वेगळे होतात, पुन्हा एकत्र येतात. ऐकणारा हरवत नाही.

तेव्हा त्या बाईंना कमी लेखू नका. मला सांगा, त्या रात्री लोकांच्या हातात अर्थ होता का? ‘सिकुत चेर्वुस’ म्हणजे बेचाळिसाव्या स्तोत्राची सुरुवात, पाण्यासाठी लुलपणारी हरिणी आणि देवासाठी लुलपणारा जीव. बाप्तिस्म्याच्या पाण्याला आशीर्वाद देण्याआधी हे शब्द का गातात, हे कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं, तर आवाज सुटल्यावरसुद्धा लोकांकडे धरायला काहीतरी राहिलं असतं. लॅटिन गायचं असेल तर अर्थ छापून द्या, किंवा आधी ते वचन लोकांच्या भाषेत कुणाकडून तरी संथपणे वाचून घ्या. यात कधीच कसूर करू नका.

आता “आमचं गाणं घेतलंत.” इथे, वाचक, चूक तुमची आहे आणि ती मान्य केलेली बरी. ईस्टरच्या रात्री, वर्षभर ज्याची वाट पाहायची ते गीत काढून टाकलं, तर त्या जागी स्वर्गातलं संगीत आणलं तरी आधी पोकळीच जाणवणार. आणि पाहा ना, ऑर्गनवर ते गीत सुरू झाल्यावर सगळं चर्च गाऊ लागलं, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. तुमच्या पत्रात ती हार म्हणून आली आहे. ज्यांना नुसतं सोपं हवं असतं, ते तसं मध्येच उचलून गात नाहीत. त्यांना आपलं हवं होतं.

फादरांचं म्हणणंही एवढ्यावरच संपत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेचा उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा. त्यात ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे चर्चच्या जुन्या एकाच चालीच्या लॅटिन गायनाला, मानाचं स्थान देऊन लगेच म्हटलं आहे की इतर प्रकार, विशेषतः पॉलिफोनी, उपासनेतून मुळीच वगळलेले नाहीत. १९६७ च्या संगीतविषयक सूचनापत्रात मिस्सातले कायमचे भाग क्वायरने अनेक आवाजांत गायला मोकळीक आहे. अट एकच, लोक गायनातून पूर्णपणे बाहेर पडता कामा नयेत. ‘पवित्र, पवित्र’ हे शक्यतो सर्वांनी गावं असंही तिथे आहे. आणि लोकांनी क्वायरचं गाणं ऐकता ऐकता मनाने त्यात सामील व्हावं, हेसुद्धा सहभागातच धरलं आहे. हे फादरांपुढे कायद्याचं कलम म्हणून ठेवू नका. दोघं मिळून शांतपणे वाचा आणि मिस्सातल्या कोणत्या दोन जागा क्वायरच्या, हे ठरवा. माझं मत : अर्पणाची वेळ आणि कम्युनियन, म्हणजे लोक पवित्र भाकर घेतात ती वेळ. कम्युनियनच्या रांगेत हातात पुस्तक धरून गाणं लोकांना तसंही जड जातं.

दुसऱ्या पंथांतल्या वाचकांसाठी थोडक्यात. प्रोटेस्टंट सुधारक लूथरच्या सहकाऱ्याने, योहान वॉल्टरने, १५२४ सालीच नव्या भक्तिगीतांच्या बहुस्वरी मांडण्या छापल्या, आणि त्यांत चाल बहुतेक टेनरमध्ये, आतल्या आवाजांत दडलेली असायची. लुकास ओसिआंडर या लूथरपंथीयाने १५८६ साली ती चाल उचलून सर्वांत वरच्या आवाजात ठेवली, ती यासाठी की मंडळीला ती ऐकू यावी आणि क्वायरबरोबर गाता यावी. एवढ्या साध्या बदलाने क्वायर आणि मंडळी एकाच गाण्यात आले.

यावरून तिसरं गृहीतक : एकतर लोक गातील, नाहीतर क्वायर पॉलिफोनी गाईल. शेकडो वर्षं चर्चमध्ये हे दोन्ही आळीपाळीने होत आलं आहे. व्हिक्टोरिया या स्पॅनिश संगीतकाराच्या कितीतरी ‘माग्निफिकात’मध्ये, म्हणजे मरियेच्या स्तोत्रात, एक कडवं साध्या, सगळ्यांनी एकत्र गायच्या एकाच चालीत आणि पुढचं चार आवाजांत असतं. त्या काळी साधी कडवी गायकच गायचे. तुम्ही ती लोकांना देऊ शकता.

यातली सर्वांत सोपी पद्धत म्हणजे फाल्सोबोर्दोने. पंधराव्या-सोळाव्या शतकात स्तोत्रं गाण्यासाठी ती सर्रास वापरत. स्तोत्राच्या प्रत्येक ओवीचे दोन भाग असतात. पहिल्या भागाचे शब्द एकाच कॉर्डवर, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीवर, बोलण्याच्या लयीत म्हणायचे, कितीही अक्षरं असोत. शेवटच्या चार-पाच अक्षरांवर आवाज हलतात आणि विसावतात. दुसरा भाग तसाच. सगळे आवाज शब्द एकदमच उच्चारतात, म्हणून शब्द कळला नाही असं कुणी म्हणू शकत नाही. आणि अक्षरांच्या संख्येचं बंधन नसल्यामुळे ही पद्धत कोणत्याही भाषेला बसते. लॅटिनवर बेतलेल्या सुरावटीत मराठी शब्द कोंबले की आघात भलतीकडे पडतात. इथे तो त्रास जवळजवळ नाहीच. पहिली ओवी लोक एकसुरात गातील, दुसरी क्वायर चार आवाजांत, तिसरी पुन्हा लोक. कॉर्ड चढतो तेव्हा बाकांवरची माणसं मान वर करून ऐकतात, आणि त्यांची ओवी आली की आधीपेक्षा मोठ्याने गातात. हे मी पाहिलं आहे.

दुसरी वाट कॅननची. एकच चाल, दुसरा आवाज ती थोड्या वेळाने सुरू करतो. टॅलिसचा कॅनन १५६७ च्या सुमाराच्या एका स्तोत्रसंग्रहातला. अजूनही कितीतरी चर्चमध्ये ती चाल साधं गीत म्हणून गातात. लोकांना ती पाठ झाली की तुमच्या तीन आल्टो मागून तीच चाल घेऊन येतील, आणि लोक नकळत पॉलिफोनी गात असतील. फ्रान्समधल्या तेझे या ख्रिस्ती मठवासी समुदायासाठी झाक बेर्तिए (१९२३–१९९४) यांनी लिहिलेल्या रचनाही अशाच जमतात : छोटं ध्रुवपद सगळे पुन्हा पुन्हा गातात आणि त्यावर क्वायरच्या ओळी येतात-जातात.

हल्लीच्या काळातलं काही हवं असेल तर जेम्स मॅकमिलन या स्कॉटिश संगीतकाराकडे पाहा. त्यांनी ग्लासगोमधल्या एका धर्मग्रामाचा हौशी क्वायर अनेक वर्षं चालवला आहे. साध्या गळ्यांना काय पेलतं याची त्यांना जाण आहे. मात्र हयात संगीतकारांच्या प्रती विकत घ्याव्या लागतात, झेरॉक्स काढू नका. जुन्या रचनांसाठी कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी १९९८ पासून इंटरनेटवर मोफत आहे. तिथली पानं हौशी संपादकांची असतात, तेव्हा वाटण्याआधी प्रत्येक ओळ स्वतः गाऊन तपासा.

तालमीबद्दल तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, “प्रत्येक विभागाला वेगळं बसवलं आणि शेवटच्या महिन्यात एकत्र आणलं.” मला वाटतं, बरंचसं तिथेच बिनसलं. वेगवेगळे पाठ केलेले चार आवाज एकत्र आले की प्रत्येक जण आपली ओळ वाचवायला कानात बोटं घातल्यासारखा गातो. उलट करा. पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सगळ्या ओळी गाऊ द्या, ज्याच्या गळ्याला जिथे जमेल तिथे, वरच्या किंवा खालच्या सप्तकात. सोप्रानोला बेसची ओळ ठाऊक असली की ती घसरत नाही, कारण पाय कशावर आहे ते तिला माहीत असतं. शब्द आधी नुसते लयीत बोलून घ्या. मग रचनेचा शेवटचा तुकडा प्रथम शिकवा, नंतर त्याच्या आधीचा; म्हणजे गाताना माणूस अनोळखी जागेतून ओळखीच्या जागेकडे जातो. आणि विभाग मोडून उभे राहा, आल्टोच्या शेजारी बेस. तालमीतली पंधरा-वीस मिनिटं एवढ्यालाच द्या, बाकी वेळ रविवारच्या गीतांना. पाच महिने एकाच रचनेमागे लागल्याने बाकीचं गाणं उपाशी राहतं, माणसंही कंटाळतात.

तुमचं चर्च फार घुमत नसेल तर लय किंचित पुढे ठेवा. दगडी वास्तूत सूर तरंगत राहतो. कोरड्या सभागृहात तो तोंडातून बाहेर पडताच विरतो आणि संथ गायलं की श्वास संपतात.

क्रम विचाराल तर येते दोन-तीन महिने फक्त फाल्सोबोर्दोने आणि एखादा कॅनन. मग बर्डचा ‘किरिये’, एखाद्या साध्या रविवारी, सणाला नाही. सणाची रात्र प्रयोगाची नसते. पुढच्या ईस्टरला ते नेहमीचं गीत त्याच्या जागी परत ठेवा आणि तसं आधीच जाहीर करा. ‘सिकुत चेर्वुस’ फायलीत राहू द्या. एखाद्या वर्षी आणखी दोन टेनर मिळतील, किंवा खालचा सूर धरणारी आल्टो टेनरच्या जोडीला उभी राहील, तेव्हा काढा.

त्या दोन सोप्रानोंना फोन नको, भेटा. पुन्हा या असं लगेच म्हणू नका. त्या पाच महिन्यांत त्यांना काय वाटत होतं ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. त्या जुन्या बाईंना ते गीत त्या कुणाकडून शिकल्या ते विचारा. एखाद्या ओवीला वरची ओळ त्यांनाच देता आली तर द्या.

आणि सर्वांत आधी टेनर. तो अजून तालमीला येतो हे तुम्ही ओझरतं लिहिलंत, पण तुमच्या पत्रातली मला सर्वांत मोठी वाटलेली गोष्ट तीच आहे. येत्या तालमीआधी त्याला एकट्याला गाठा. त्याला स्पष्ट सांगा की ती सुरुवात एका माणसावर टाकायला नको होती, ते तुमच्याकडून चुकलं. मग बर्डचं ते एक पान त्याच्या हातात द्या, खालची ओळ दाखवा, आणि सांगा की ती बेसबरोबर गायची आहे आणि पहिला सूर ऑर्गनवर मिळणार आहे.